कमी शक्ती की जास्त शक्ती? १३६ आणि ४७५ किलोहर्ट्झवर प्रेषण सुरू करणाऱ्यांसाठी

निम्न वारंवारतेच्या पट्ट्यांकडे वळणारा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, बहुधा पहिल्याच दिवशी विचारतो, की अँप्लिफायर किती वॉटचा घ्यावा. या प्रश्नाचे उत्तर अँटेना मोजल्याशिवाय देता येत नाही. उच्च वारंवारतेच्या पट्ट्यांवर शंभर वॉटचा ट्रान्समीटर आणि बऱ्यापैकी डायपोल असला, की त्यातले बहुतेक वॉट हवेत जातात, असे आपण धरून चालतो आणि ते फारसे चुकतही नाही. १३६ किलोहर्ट्झवर मात्र त्याच शंभर वॉटमधून हवेत जाणारी शक्ती वॉटच्या काही शतांश भागांत मोजावी लागते आणि उरलेली सगळी जमीन, झाडे आणि कॉइल तापवण्यात खर्च होते. म्हणून या लेखात अँप्लिफायरचा विचार बराच उशिरा येतो. आधी गणित, मग मोजमाप, मग कमी शक्तीवर काम आणि त्यानंतर शक्तीवाढ, हाच क्रम मला योग्य वाटतो.

हौशी सेवेसाठी या भागात दोन पट्टे आहेत. १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा २००७ च्या जागतिक रेडिओसंचार परिषदेत मिळाला आणि ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हा २०१२ च्या परिषदेत. तरंगलांबीवरून त्यांना अनुक्रमे २२०० मीटर आणि ६३० मीटर म्हणतात. दोन्हींवर हौशी सेवा दुय्यम आहे आणि मर्यादा ईआयआरपीवर, म्हणजे अँटेनाची दिशादर्शी वाढ धरून काढलेल्या प्रारित शक्तीवर घातलेली आहे: पहिल्यावर १ वॉट, दुसऱ्यावरही सर्वसाधारणपणे १ वॉट आणि काही देशांत ५ वॉटपर्यंत. अमेरिकेने २०१७ मध्ये हे पट्टे खुले करताना ट्रान्समीटरच्या शक्तीवरही वेगळी मर्यादा घातली. ती २२०० मीटरवर १५०० वॉट आणि ६३० मीटरवर ५०० वॉट अशी शिखरशक्ती आहे. हवेत १ वॉट आणि ट्रान्समीटरमध्ये १५०० वॉट, एवढ्या तफावतीला नियमातच जागा ठेवलेली आहे. आपल्या परवान्यात नेमके काय लिहिले आहे ते आधी वाचावे, कारण हे पट्टे वापरण्याची मुभा आणि मर्यादा देशागणिक बदलतात.

पहिली पायरी: कागदावरचे गणित

१३७ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २१९० मीटर आहे आणि तिचा चौथा भाग जवळजवळ ५५० मीटर. एवढा उंच खांब कोणाही हॅमला उभारता येत नाही. त्यामुळे आपली अँटेना तरंगलांबीच्या मानाने नेहमीच अत्यंत आखूड असते आणि आखूड उभ्या अँटेनाचा प्रारण-रोध, म्हणजे एकूण रोधातला हवेत जाणाऱ्या शक्तीचा वाटा, अगदी थोडा असतो. तो काढण्याचे सूत्र सोपे आहे: परिणामी उंचीला (प्रारणाला प्रत्यक्ष उपयोगी पडणाऱ्या उंचीला) तरंगलांबीने भागावे, उत्तराचा वर्ग करावा आणि त्याला १५८० ने गुणावे.

पुढच्या सगळ्या हिशोबासाठी एकच अँटेना धरू. बारा मीटर उंचीची उभी तार आणि तिच्या माथ्यावर सुमारे चाळीस मीटरची आडवी तार, म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची रचना. हिची धारकता साधारण ३०० पिकोफॅरड भरते आणि परिणामी उंची १० मीटर धरता येते. १३७ किलोहर्ट्झवर हिचा प्रारण-रोध येतो ०.०३३ ओहम. जमीन, परिसर आणि कॉइल मिळून होणारा ऱ्हास-रोध ६० ओहम धरू, कारण घरामागच्या जागेत उभारलेल्या अँटेनाला हा आकडा वावगा नाही. म्हणजे अँटेनात शिरणाऱ्या दर अठराशे वॉटमागे एक वॉट प्रत्यक्षात हवेत जातो.

आखूड उभ्या अँटेनाची दिशादर्शी वाढ तिप्पट धरतात. त्यामुळे १ वॉट ईआयआरपीसाठी प्रत्यक्ष प्रारित शक्ती ०.३३ वॉट पुरते. तेवढ्यासाठी अँटेनाच्या तळाशी ३.२ अँपिअर प्रवाह लागतो आणि ६० ओहमातून तो वाहवण्यासाठी सुमारे ६०० वॉट द्यावे लागतात. १०० वॉट दिल्यास प्रवाह १.३ अँपिअर आणि ईआयआरपी १६६ मिलिवॉट मिळतो. १० वॉटवर प्रवाह ०.४१ अँपिअर आणि ईआयआरपी १७ मिलिवॉटच्या आसपास राहतो.

हीच अँटेना ४७५ किलोहर्ट्झवर लावली, तर चित्र पार बदलते. प्रारण-रोध ०.४ ओहमपर्यंत चढतो आणि जमिनीतला ऱ्हासही बहुधा कमी होतो. तो २५ ओहम धरला, तर १ वॉट ईआयआरपीला २१ वॉट पुरतात आणि ५ वॉट ईआयआरपीला साधारण १०५. दोन्ही पट्ट्यांचा परवाना असलेल्या नवख्याने सुरुवात ४७५ वर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे कमी-जास्त शक्तीचा वाद फारसा उरतच नाही आणि खालच्या पट्ट्यावर लागणारी सगळी कौशल्ये सौम्य परिस्थितीत शिकून होतात.

दुसरी पायरी: प्रवाह मोजणे

या पट्ट्यांवर सर्वांत उपयोगी उपकरण म्हणजे अँटेनाच्या तळाशी बसवलेला रेडिओ वारंवारतेचा प्रवाहमापक, आणि तो घरी बनवता येतो. फेराइटच्या कड्यावर बारीक तारेचे पन्नास वेढे घालावेत, त्यांच्या दोन टोकांत ५० ओहमचा, वेढे नसलेला रोधक जोडावा आणि अँटेनाकडे जाणारी तार कड्याच्या भोकातून एकदाच ओवून घ्यावी. अँटेनात एक अँपिअर वाहत असेल, तर वेढ्यांतून वीस मिलिअँपिअर वाहतात आणि रोधकावर बरोबर एक व्होल्ट मिळतो. ऑसिलोस्कोपवर किंवा साध्या डायोड शोधकाने तो वाचता येतो. ऑसिलोस्कोपवर शिखरमूल्य दिसते, त्यामुळे त्याला १.४१ ने भागायला विसरू नये. हे कडे कॉइलच्या अर्थिंगकडच्या बाजूला बसवावे. अँटेनाकडच्या बाजूला इतका विद्युतदाब असतो, की बारीक तारेचे आवरण तिथे टिकणार नाही.

आता कॉइल बदलून अँटेना अनुनादात आणावी. ३०० पिकोफॅरडची प्रतिक्रिया १३७ किलोहर्ट्झवर सुमारे ३९०० ओहम असते आणि ती रद्द करायला ४.५ मिलिहेन्रीची कॉइल लागते. २८ सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या बादलीवर किंवा नळावर ३० सेंटिमीटर लांबीत साधारण १६० वेढे घातले, की हे मूल्य येते, आणि त्यासाठी १४० मीटर तार हाताशी असावी. काही वेढे वेगळ्या, लहान नळावर गुंडाळून तो नळ मोठ्या कॉइलच्या आत फिरता किंवा सरकता ठेवावा, म्हणजे बारीक जुळवणी करता येते. हाच व्हेरिओमीटर, आणि तो चैनीचा भाग नाही. या अँटेनाचा पट्टा दोनेक किलोहर्ट्झच रुंद असतो. पाऊस पडला, झाडे ओली झाली किंवा वाऱ्याने तार हलली तरी जुळवणी सरकते.

अनुनाद साधल्यावर ट्रान्समीटरमधून मोजके १० वॉट द्यावेत आणि प्रवाह वाचावा. शक्तीला प्रवाहाच्या वर्गाने भागले, की एकूण रोध मिळतो. ०.४१ अँपिअर दिसले, तर रोध ६० ओहम आहे. हा आकडा तारीख, हवामान आणि जमिनीची ओल यांसह वहीत लिहावा. पुढे जे काही बदलाल त्याचा खरा परिणाम याच आकड्यातून कळणार आहे. शक्ती वाढवल्यावर प्रवाह वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत नसेल, तर कुठेतरी ठिणगी, तापणारा सांधा किंवा संपृक्त होणारे फेराइट आहे असे समजावे.

तिसरी पायरी: कमी शक्ती आणि भरपूर वेळ

सतरा मिलिवॉट ईआयआरपी ऐकून मन खट्टू होण्याचे कारण नाही. शक्ती कमी असेल, तर तोच संदेश जास्त वेळ पसरून पाठवता येतो, आणि या पट्ट्यांवर तरंगांची कला (फेज) इतकी स्थिर राहते, की त्या वेळेचा मोबदला जवळजवळ पूर्ण मिळतो. जुनी रीत क्यूआरएसएसची आहे. मोर्सचा एक टिंब तीन, दहा, तीस किंवा साठ सेकंदांचा करायचा आणि समोरच्याने तो कानाने न ऐकता संगणकाच्या वर्णपटावर डोळ्यांनी वाचायचा. डब्ल्यूएसपीआर या संगणकीय प्रेषणप्रकारात हेच काम संगणक करतो: सम मिनिटाला सुरू होणारे एकशे अकरा सेकंदांचे प्रेषण, त्यात संकेतनाम, स्थान आणि शक्ती. त्यासाठी साइडबँड वरचा ठेवून डायल १३६.० किंवा ४७४.२ किलोहर्ट्झवर लावतात आणि प्रेषण १३७.५ किंवा ४७५.७ च्या आसपास पडते. संगणकाचे घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर असले पाहिजे.

याहून पुढची मजल एफएसटी४डब्ल्यू या प्रकाराने गाठली आहे. २०२१ पासून तो डब्ल्यूएसजेटी-एक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. त्याचे चार वेग आहेत: १२०, ३००, ९०० आणि १८०० सेकंद. २५०० हर्ट्झ रुंदीच्या गोंगाटाशी तुलना केली, तर १२० सेकंदांचा प्रकार उणे ३२.८ डेसिबेलपर्यंतचा संकेत वाचतो आणि १८०० सेकंदांचा उणे ४४.८ पर्यंतचा. मधला फरक बरोबर १२ डेसिबेल, म्हणजे सोळापट शक्तीएवढा आहे. आपल्या अँटेनाच्या भाषेत सांगायचे, तर जो १८०० सेकंद थांबायला तयार आहे, त्याचे ३८ वॉट हे १२० सेकंदांत काम उरकणाऱ्याच्या ६०० वॉटच्या तोडीचे ठरतात. एवढी स्वस्त वाढ कोणत्याही अँप्लिफायरमधून मिळत नाही.

याच्या दोन अटी आहेत. पहिली स्थिरतेची: १८०० सेकंदांच्या प्रकारात शेजारच्या दोन स्वरांतले अंतर ०.०८९ हर्ट्झ एवढेच असते. त्यामुळे अर्ध्या तासात वारंवारता त्याहून बरीच कमी सरकली पाहिजे. तापमान-भरपाई असलेला चांगला दोलक किंवा जीपीएसला बांधलेला संदर्भ-दोलक वापरला, की हे साधते. सुदैवाने दोलकाची तीच सापेक्ष चूक १४ मेगाहर्ट्झच्या मानाने इथे शंभरपट लहान होऊन बसते. दुसरी अट संयमाची. तासाला दोनच प्रयत्न होतात, आणि रात्रीचा एखादा चांगला काळ वीस मिनिटांतच सरला, तर अर्ध्या तासाचे प्रेषण त्याला पुरे पडत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात १२० आणि ३०० सेकंदांचे प्रकार वापरून कोण कधी ऐकतो आहे ते पाहावे, आणि सर्वांत लांबच्या टप्प्यासाठी मध्यरात्रीनंतर ९०० किंवा १८०० कडे वळावे. दिवसा भूपृष्ठ-तरंगच चालतो. सूर्यास्तानंतर आयनांबरातला खालचा शोषक थर विरळ झाला, की दूरचे केंद्र दिसू लागते, आणि हा फरक ४७५ वर फारच ठळक असतो.

शक्तीचा आकडा भरताना ट्रान्समीटरची शक्ती भरू नये. निम्न पट्ट्यांवर प्रारित शक्ती कळवण्याची प्रथा आहे. डब्ल्यूएसपीआरमध्ये शेवटी ०, ३ किंवा ७ असलेलेच आकडे चालतात, म्हणून १७ मिलिवॉटला १३ डीबीएम (एक मिलिवॉटच्या मानाने डेसिबेल) आणि १ वॉटला ३० डीबीएम लिहावे.

चौथी पायरी: अँप्लिफायरआधी अँटेना

शक्तीवाढीचा मोह होईल तेव्हा आधी उंचीकडे पाहावे. प्रारण-रोध उंचीच्या वर्गाने वाढतो. परिणामी उंची १० वरून १३ मीटर केली, तर त्याच प्रवाहात २.३ डेसिबेल वाढ मिळते आणि १ वॉट ईआयआरपीसाठी ६०० ऐवजी ३६० वॉट पुरतात. माथ्यावरची तार लांब केली किंवा तिथे समांतर दोन तारा एक-दोन मीटर अंतरावर ताणल्या, की धारकता वाढते. तिचा दुहेरी लाभ होतो, कारण कॉइल लहान होते आणि दाबही उतरतो.

अर्थिंगबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. एकच खोल सळई ठोकली म्हणजे काम झाले, असे लोक मानतात. इथला ऱ्हास मुख्यतः अँटेनाखालच्या जमिनीत आणि आजूबाजूच्या झाडा-भिंतींत, विद्युत क्षेत्रामुळे होतो. म्हणून माथ्याच्या आडव्या तारेच्या सावलीत, जमिनीवर किंवा वीतभर खोल, बऱ्याच लहान तारा पसरणे आणि दोन-चार सळया एकमेकींपासून दूर ठोकणे हा उपाय जास्त फलदायी ठरतो. उभी तार झाडाच्या फांद्यांपासून शक्य तितकी लांब न्यावी. एकेक तार जोडल्यावर पुन्हा १० वॉट देऊन प्रवाह पाहावा आणि वाढ दिसेनाशी झाली, की थांबावे. एकूण रोध ६० वरून ४० ओहम झाला आणि उंचीही १३ मीटर झाली, तर पूर्ण १ वॉट ईआयआरपी २४० वॉटमध्ये मिळतो, आणि प्रवाहही ३.२ वरून २.४५ अँपिअरवर येतो.

कॉइलवर मात्र प्रमाणाबाहेर कष्ट घेऊ नयेत. कॉइलचा रोध ३० वरून १५ ओहम केला, तर एकूण ७५ चे ६० होतात आणि वाढ मिळते एक डेसिबेल. लिट्झ तारेचा (वेगवेगळे आवरण असलेल्या अनेक बारीक धाग्यांच्या तारेचा) मोठा खर्च जमिनीचा ऱ्हास कमी झाल्यावरच सार्थकी लागतो.

पाचवी पायरी: जास्त शक्ती कधी आणि कशी

एवढे केल्यावरही जास्त शक्तीची खरी गरज काही ठिकाणी उरते. हाताने मोर्स पाठवून समोरच्याशी जिवंत संभाषण करायचे असेल, तर वेळ पसरण्याची सोय नसते. ज्यांच्याकडे गोंगाट जास्त आहे त्यांच्यापर्यंत दिवसाउजेडी पोहोचायचे असेल, किंवा लहानशा अनुकूल काळात महासागरापलीकडे दोन्ही बाजूंचा संपर्क पुरा करायचा असेल, तर शेकडो वॉट हेच उत्तर आहे आणि ते वापरण्यात काही कमीपणा नाही.

क्यूआरएसएस, डब्ल्यूएसपीआर आणि एफएसटी४डब्ल्यू या सगळ्यांत संकेताची उंची स्थिर असते, त्यामुळे रेषीय अँप्लिफायरची आवश्यकता नाही. मॉसफेट वापरून केलेला डी किंवा ई वर्गाचा अँप्लिफायर ९० टक्के कार्यक्षमता सहज देतो. ६०० वॉट बाहेर देताना तो ७० वॉटच्या आसपास तापतो, तर ६० टक्के कार्यक्षमतेचा रेषीय अँप्लिफायर ४०० वॉट उष्णता ओततो. पण डी वर्गाचा संकेत चौकोनी असतो. १३७ किलोहर्ट्झची पाचवी गुणवारंवारता ६८५ किलोहर्ट्झवर आणि ४७५ ची दुसरी व तिसरी अनुक्रमे ९५० आणि १४२५ वर पडते, म्हणजे थेट मध्यम लहरींच्या प्रसारण पट्ट्यात. शेजाऱ्याच्या रेडिओचा विचार करून अँप्लिफायरनंतर पुरेसा लो-पास फिल्टर बसवलाच पाहिजे.

शक्ती चौपटीने वाढवावी: १०, ४०, १५० आणि मग ६०० वॉट. प्रत्येक टप्प्याला पाच मिनिटांचे प्रेषण करावे, शक्ती पूर्ण बंद करून वीजपुरवठा तोडावा, आणि मगच कॉइल, सांधे व इन्सुलेटर हाताने तपासावेत. ३.२ अँपिअरवर कॉइलच्या वरच्या टोकाशी १२ हजार व्होल्ट असतात, त्यांचे शिखरमूल्य १७ हजारांच्या वर जाते, आणि कॉइलमध्ये दीडशे वॉट जिरतात. दहा वॉटवर महिनोन्‌महिने निर्धोक चाललेली बादली इथे मऊ पडून वेढे सैल होऊ शकतात. रात्री दिवे घालवून अँटेनाकडे पाहावे. तारेच्या टोकाशी जांभळट झगमग दिसली किंवा सूंऽऽ असा आवाज आला, तर तो कोरोना, म्हणजे जास्त दाबामुळे हवेत होणारी विद्युतगळती आहे. टोके वळवून गुळगुळीत गोल कडी करावीत आणि जाड तार वापरावी. ओली दोरी हा इन्सुलेटर नव्हे, म्हणून तार आणि दोरी यांच्यामध्ये लांब इन्सुलेटर हवाच. कॉइल कोरड्या, हवेशीर, धातू नसलेल्या खोक्यात ठेवावी आणि तिच्याभोवती निदान एका व्यासाएवढ्या अंतरात धातू येऊ देऊ नये.

लहान मुले, पाहुणे आणि जनावरे यांचा हात वा तोंड लागेल एवढ्या खाली उभी तार आणि कॉइल असू नये. या वारंवारतेचा चटका त्वचेखाली खोल जातो आणि भरायला वेळ घेतो. १० वॉटलाही हा दाब दीड हजार व्होल्टच्या पुढे असतो, तेव्हा कमी शक्तीवर हयगय चालेल असे समजू नये. वादळाचे ढग दिसताच प्रेषण थांबवून अँटेना जमिनीला जोडावी.

सहावी पायरी: ऐकण्याची बाजू

प्रेषण कितीही जोरकस असले, तरी समोरच्याचे उत्तर ऐकू आले नाही, तर संपर्क अर्धाच राहतो. घरातले स्विचिंग पुरवठे, एलईडी दिवे आणि चार्जर या पट्ट्यांवर भयंकर गोंगाट करतात. बॅटरीवर चालणारा रिसीव्हर लावून घराचा मुख्य स्विच बंद करावा. गोंगाट किती उतरतो ते पाहिले, की दोष घरातला की बाहेरचा हे कळते. ऐकण्यासाठी प्रेषणाची अँटेना न वापरता घरापासून दूर, मीटरभर व्यासाचा लूप (तारेच्या वेढ्याची अँटेना) ठेवावा आणि तो फिरवून गोंगाटाच्या दिशेला शून्य आणावे. केबलच्या बाहेरून चढणारा गोंगाट रोखण्यासाठी मध्ये अलगीकरण ट्रान्सफॉर्मर घालावा. अशा रीतीने आपला गोंगाट १० डेसिबेलने उतरला, तर आपल्याला ऐकवू पाहणाऱ्या प्रत्येक केंद्राची शक्ती दहापट झाल्यासारखे होते.

सातवी पायरी: दोन शक्तींची रात्रभर तुलना

शेवटी हवेतच पडताळणी करावी. एका रात्री दर दहा मिनिटांनी आळीपाळीने १० आणि ४० वॉटवर डब्ल्यूएसपीआर पाठवावे. १० वॉटला १३ आणि ४० वॉटला १७ डीबीएम लिहिल्यास ऐकणाऱ्या केंद्रांच्या नोंदी आपोआप वेगळ्या पडतात. सकाळी तेच तेच केंद्र दोन्ही शक्तींवर किती डेसिबेलने ऐकते याच्या सलगच्या जोड्या काढाव्यात. चढउतारामुळे एकेक जोडी फसवी असते, पण वीस-पंचवीस जोड्यांची सरासरी ६ डेसिबेलच्या जवळ आली पाहिजे. ती ४ वरच अडली, तर अँटेना किंवा कॉइल ४० वॉटलाच दम टाकते आहे. अशा वेळी ६०० वॉटचा अँप्लिफायर कपाटातच राहू द्यावा आणि दुसऱ्या पायरीवरचा प्रवाहमापक घेऊन पुन्हा तळाशी जाऊन बसावे.